चौघे, दोन फासे आणि एक शहाणा

प्रश्न : तत्त्वज्ञांची खिल्ली उडवणाऱ्या कॉमिकवरून मी भूमिका घेऊन खेळायचा एक खेळ बनवला. पावसात आमच्या पडवीत चौघे खेळतात. त्यांतला एक तत्त्वज्ञानात एम. ए. आहे. विनोद त्यालाच कळतात, प्रत्येक वाद तोच जिंकतो. परवा मावसभाऊ 'हा खेळ की परीक्षा?' म्हणून उठून गेला. बंद करू का?
– हिरमुसलेला, मालवण

उत्तर : बंद कशाला? मावसभावाने दुखणं बरोबर ओळखलंय. तुमच्या खेळात पात्र नव्हे, खेळणाऱ्याचं वाचन जिंकतंय. दशावतारातल्या राजाच्या हातात संहिता नसते. कथा आणि स्वभाव माहीत असला की तो रात्र काढतो.

तेव्हा पात्राच्या कागदावरचं 'मत' खोडा, तिथे 'खोड' लिहा. डायोजेनिस या ग्रीक तत्त्वज्ञाला 'कुणी व्याख्या केली की ती मोडणारी वस्तू आणतो' एवढं बस. (माणूस म्हणजे बिनपिसांचा दोन पायांचा प्राणी, या प्लेटोच्या व्याख्येवर त्याने पिसं उपटलेला कोंबडा आणल्याची गोष्ट आहेच.) खोडीपायी स्वतःचं नुकसान करून घेतलं की एक चिंचोका, तो दिला की फासे पुन्हा टाकायचे. हातात जास्तीत जास्त पाच, नाहीतर लोक साठवत बसतात.

वादाचा निकालही फाशांवरच. दोन फाशांची बेरीज १० किंवा वर आली तर जमलं, ७ ते ९ आली तर काहीतरी गमावून जमलं, त्याखाली फसलं. ३६ शक्यतांपैकी अनुक्रमे ६, १५ आणि १५. कौशल्यासाठी बेरजेत +१ च्या वर मिळवू देऊ नका. +३ दिलेत की ३६ पैकी तीनदाच फसतं, आणि कुणी फसल्याशिवाय या खेळात हसू येत नाही.

प्रसंगही घरचा घ्या. 'थिसियसचं जहाज' हे तत्त्वज्ञानातलं कोडं शिकवण्यापेक्षा तांडेलाची होडी आणा : एकेक करत सगळ्या फळ्या बदलल्या, जुन्या फळ्यांतून मेव्हण्याने दुसरी होडी उभी केली. बँकेचं कर्ज कुठल्या होडीवर? कागदावर सहा चौकोन काढा, दर फसलेल्या डावाला एक काळा करा. सहाही भरले की ओहोटी लागली, दोन्ही होड्या चिखलात.

एम. ए. मित्राला चारचौघांत बोलू नका. त्याला सॉक्रेटिस द्या. नियम एकच, फक्त प्रश्न विचारायचे. विधान केलं की चिंचोका गेला.

कॉमिकमधली चित्रं वापरली असतील तर खेळ पडवीतच राहू द्या. विकायचा झाला तर आधी चित्रकाराची लेखी परवानगी.

आणि डायोजेनिस मावसभावाला. पुन्हा उठून गेला, तर ते खोडीत बसतं. चिंचोका घरी पोचवा.