आर या संगणक भाषेत कर्नल रिग्रेशनसाठी (जवळच्या ठिपक्यांना जास्त वजन देऊन रेघ बसवण्यासाठी) बँडविड्थ, म्हणजे आजूबाजूचे ठिपके किती अंतरापर्यंत धरायचे तो आकडा, किती घ्यावी? घनता काढणाऱ्या 'डेन्सिटी' फंक्शनने दिलेली ०.३३४८ रेघ बसवणाऱ्या 'केस्मूथ'मध्ये घातली तर रेघ दातेरी येते, असं का?

०.३३४८ म्हटल्यावर ओळखलंच. ओल्ड फेथफुल गीझरचा डेटा, २७२ नोंदी, 'इरप्शन्स' कॉलम (उद्रेक किती मिनिटं चालला), हाच तुमचा एक्स. 'डेन्सिटी'ला काही न सांगता चालवलं की हीच बँडविड्थ मिळते.

तुमचा पहिला घोळ मापाचा आहे. 'डेन्सिटी'मध्ये बँडविड्थ म्हणजे कर्नलचं, म्हणजे वजन वाटणाऱ्या वक्राचं, प्रमाण विचलन. 'केस्मूथ' मात्र कर्नलची चतुर्थकं बँडविड्थच्या ±०.२५ पटीवर बसवतं. म्हणजे नॉर्मल कर्नल घेतलात तरी प्रमाण विचलन तुमच्या आकड्याच्या ०.३७ पटच. तुम्ही दिलेत ०.३३४८, त्याने वापरले ०.१२४! तेवढाच गुळगुळीतपणा हवा तर ०.९० द्यायला हवे होते. शिवाय कर्नल सांगितला नाही तर ते 'बॉक्स' धरतं, म्हणजे आतल्या सगळ्या ठिपक्यांना सारखं वजन आणि बाहेरच्यांना शून्य, मग पायऱ्या येणारच. या पायऱ्यांपायी माझी एक अख्खी दुपार गेली आहे.

पण माप जुळवलं तरी तो आकडा रिग्रेशनचा नव्हेच. तो सिल्वरमनचा ठोकताळा, घनतेसाठीचा. फक्त एक्सचा पसारा आणि नोंदींची संख्या बघतो. 'वेटिंग' कॉलम (पुढच्या उद्रेकापर्यंतची वाट, म्हणजे वाय) पत्त्यांसारखा पिसून बघा, ०.३३४८ ढिम्म हलणार नाही. रेघ किती वळते, वाय किती विखुरलाय, याचा त्याला पत्ताच नसतो.

मी 'कर्नस्मूथ' पॅकेजमधलं रिग्रेशनसाठी बँडविड्थ निवडणारं 'डीपिल' वापरतो आणि त्याचं उत्तर रेघ बसवणाऱ्या 'लोकपॉली'ला देतो. दोघांचं माप एकच, आणि 'लोकपॉली' मुळातच स्थानिक सरळ रेघ बसवतं, त्यामुळे टोकांनाही बरं वागतं.

एक्स अनेक असतील तर 'एनपी' पॅकेजमधलं 'एनपीरेगबीडब्ल्यू', म्हणजे क्रॉस व्हॅलिडेशन: एकेक ओळ बाजूला काढून बाकीच्यांवरून तिचा अंदाज करायचा आणि चूक सर्वांत कमी येईल ती बँडविड्थ घ्यायची. वेळ खातं. त्याआधी दुबार ओळी तपासा. दोन फायली जोडताना माझ्याकडे एकदा प्रत्येक ओळ दोनदा आली होती. एक ओळ बाजूला काढली की तिची जुळी बहीण अचूक उत्तर सांगायला हजर, त्यामुळे बँडविड्थ थेट शून्याकडे घसरली.

आलेला आकडा, त्याची निम्मी आणि दीडपट, अशा तीन रेघा एकाच आलेखावर काढा. तुमच्या डेटात ३ मिनिटांच्या आसपासचे उद्रेक मोजकेच आहेत. निम्म्या बँडविड्थची रेघ तिथे एकेका ठिपक्यामागे धावत असेल, तर ती वळणं गीझरची समजू नका.