जुन्या लॅपटॉपमध्ये हार्डडिस्क काढून एसएसडी टाकायची आहे. टिकाऊ कोणती घ्यावी?

ब्रँड ठरवण्याआधी लॅपटॉपमध्ये काय बसतं ते पाहा. २०१२-१५च्या सुमाराचा असेल तर बहुधा अडीच इंची साटा (हार्डडिस्कच्याच जोडणीवर चालणारी) एसएसडीच लागेल. एम.२ स्लॉट (पट्टीसारखं छोटं कार्ड बसवायची खाच) असला तरी तो साटाचा की एनव्हीएमईचा (जास्त वेगवान जोडणीचा), हे लॅपटॉपचा मॉडेल नंबर टाकून तपासा. दोन्ही कार्डं सारखीच दिसतात आणि इथेच पैसे वाया जातात.

टिकाऊपणासाठी स्पेसिफिकेशनमध्ये टीएलसी (मेमरीच्या एका पेशीत तीन बिट साठवणारा प्रकार) हा शब्द शोधा. क्यूएलसी (एका पेशीत चार बिट) स्वस्त पडते, पण तिची लिहिण्याची क्षमता कमी असते आणि मोठ्या फाइल कॉपी करताना ती मंदावते. मग टीबीडब्ल्यू पाहा, म्हणजे वॉरंटीत एकूण किती टेराबाइट लिहिता येईल तो आकडा. सॅमसंग ८७० इव्होच्या ५०० जीबीला ३०० टीबीडब्ल्यू आणि ५ वर्षांची वॉरंटी आहे. रोज ३० जीबी लिहिलंत तरी हा आकडा गाठायला २७ वर्षं लागतील! त्यामुळे 'एसएसडी लवकर झिजते' ही भीती घरगुती वापरात खरंच सोडून द्या. बिघाड झालाच तर तो कंट्रोलरचाही (ड्राइव्ह चालवणाऱ्या चिपचा) असू शकतो, आणि तो सांगून येत नाही. म्हणून बॅकअप हवाच.

अनोळखी ब्रँडची स्वस्त १ टीबी घेण्यापेक्षा नावाजलेल्या कंपनीची ५०० जीबी घ्या. जीएसटी बिल मागून घ्या, आणि ड्राइव्ह लावल्या लावल्या क्रिस्टलडिस्कइन्फो या मोफत प्रोग्रॅममध्ये 'पॉवर ऑन अवर्स' (ड्राइव्ह आजवर किती तास चालली) बघा. नव्या ड्राइव्हवर शेकडो तास दिसले तर लगेच परत करा.