आलेला आवाज हवेवर गेला पाहिजे

प्रिय मुली,

तुझा मेसेज वाचला. रीलला व्ह्यूज भरपूर, स्टुडिओतला फोन मात्र वाजत नाही, आणि वरून 'फॉलोअर्स वाढवा' सुरूच. कम्युनिटी रेडिओत राहू की सोडू, असं विचारतेस. राहा. तो प्रश्नच नाही.

प्रश्न हा, की श्रोत्यांच्या व्हॉइस नोट्समधून व्हॉट्सअ‍ॅपवर आलेल्या आवाजांचं तू काय करतेस? अंगठा पाठवतेस नि मोकळी होतेस! अगं, शंभर वॅटचं केंद्र तुझं, दहा-पंधरा किलोमीटर ऐकू जाणारं. रील दुबईत कुणी पाहिली तर आनंदच आहे. पण त्या दहा-पंधरा किलोमीटरमधल्या बाईने पाठवलेला आवाज हवेवर गेला पाहिजे, नावागावासकट.

झुमरी तलैया हे अभ्रकाच्या खाणींचं गाव. रेडिओ सिलोन आणि विविध भारतीवर फर्माइशींसोबत त्याचं नाव इतक्यांदा वाचलं गेलं, की ते देशभर माहीत झालं. नाव हवेवर जायचं म्हणून लोक पुन्हा लिहायचे. मी होतो त्या केंद्रात श्रोत्यांची पत्रं जपा म्हणून भांडलो. शेवटी रद्दीतच गेली. अजून सलतं ते. म्हणून तुझ्या मागे लागलोय.

व्हॉइस नोट कॉम्प्युटरवर घे, लेव्हल नीट कर, सुरुवातीचं 'हॅलो, जातंय का?' काप. मागचा कोंबडा, एसटीचा हॉर्न राहू दे. फिल्टर लावलावून माणूस डब्यातून बोलल्यासारखा करतात, ते मला सहन होत नाही. नोट हवेवर लावण्याआधी पाठवणाऱ्याला 'लावू का?' म्हणून विचार. दुखण्याखुपण्याचं, घरातल्या भांडणाचं असेल तर नाव घेऊ नकोस. आणि धरणातून पाणी सोडल्याचा फॉरवर्ड तहसील कार्यालयात विचारल्याशिवाय वाचायचा नाही म्हणजे नाही.

तुझं फेसबुक लाइव्ह ऐकलं. छान बोलतेस, गोड बोलतेस. पण सारखं 'कमेंट करा, कमेंट करा'! गोठ्यात रेडिओ लावून धार काढणारीने काय करायचं? तिला फोन नंबर सांग. सावकाश, दोनदा.

हट्टी म्हणशील मला. म्हण. फॉलोअर्सचा आकडा मागणाऱ्यांपुढे मी आयुष्यभर हेच बोलत आलो, आणि आजही बोलेन: आलेला आवाज हवेवर गेला पाहिजे.

आजच्या नोट्समधली एक उद्या सकाळी लाव. जिची असेल तिला वेळ आजच कळव. ती चार घरी सांगेल, आणि त्या चार घरी उद्या रेडिओ लागेल.

तुझे,
सर