दारूकोठारातली काडी : वाचकांचे प्रश्न

मागच्या अंकात जुन्या अमेरिकी कार्टूनपटांतल्या चाच्यांच्या धुमाकुळावर लेख होता. त्यावर आलेल्या पत्रांत कौतुक थोडं आणि ‘आम्हालाही असं करायचंय, कसं करू?’ हे जास्त. त्यामुळे या वेळचं सदर स्वतः कार्टूनपट करू पाहणाऱ्यांसाठी.

प्रश्न : गणपतीत मंडपात दाखवायला मंडळातली मुलं हातानं चित्रं काढून एक मिनिटाचा कार्टूनपट करणार आहेत. दोन चाचे, एक जहाज, एक पेटी. किती चित्रं लागतील आणि सामान काय घ्यावं? (लालबाग)

सेकंदाला २४ फ्रेम (पडद्यावर एकामागून एक दिसणाऱ्या स्थिर प्रतिमा) धरल्या तर मिनिटाच्या झाल्या १४४०. एक चित्र दोन फ्रेम ठेवायचं ही जुनी रीत, म्हणजे ७२० चित्रं. घाबरू नका, एवढी लागत नाहीत. पात्रं स्तब्ध उभी असतात त्या वेळात नवं चित्र नको, धावण्याची चित्रं फिरवून फिरवून वापरता येतात. प्रसंग नीट बेतला तर ३५० चित्रांत मिनिट भरतं. नवखा हात दिवसाला २५ स्वच्छ चित्रं काढतो, म्हणजे दोघांना एक आठवडा. रंग भरण्याचा वेळ वेगळा. मात्र वेगानं पळणारं पात्र दर फ्रेमला बदला, नाहीतर ते धावण्याऐवजी धडधडत पुढे सरकल्यासारखं दिसतं. आठ चित्रांचं एक चक्र पुरतं.

कागद ए-फोर, ७५ जीएसएम. क्रॉफर्ड मार्केटजवळच्या अब्दुल रहमान स्ट्रीटवर रीमच घ्या, सुटा घेऊ नका. एकाच रीमचा कागद जाडीला आणि रंगाला सारखा असतो. ऑफिसात फायलींना भोकं पाडायचं साधं पंचिंग मशीन ८० मिलिमीटर अंतरावर ६ मिलिमीटरची दोन भोकं पाडतं. त्याच मापाच्या दोन लाकडी खुंट्या पट्टीवर बसवा, पॉलिश पेपरनं किंचित घासा, वर ५-६ मिलिमीटर राहू द्या. झाली तुमची पेगपट्टी, म्हणजे प्रत्येक कागद नेमक्या त्याच जागी धरणारी पट्टी. सगळे कागद एकाच मशीननं, एका वेळी आठ-दहाच पंच करा. दोन मशीनची भोकं केसभर जरी पुढेमागे असली तरी पडद्यावर जहाज थरथरतं. खालून उजेडासाठी काच किंवा ॲक्रिलिकची शीट आणि तिच्यामागे एलईडी ट्यूब.

गणपतीसाठी काम करायचं म्हणजे ते आषाढ-श्रावणात होणार, आणि मुंबईत तेव्हा कागद दमट होतो. भोकं सैल पडतात, कडा लाटांसारख्या वळतात. पंच केलेला कागद झाकणाच्या प्लॅस्टिक डब्यात सिलिका जेलच्या पुड्यांसोबत ठेवा आणि लागेल तेवढाच बाहेर काढा. चित्रं काढून झाल्यावर शूटिंग आठवडाभर लांबवू नका.

मंडपातल्या प्रेक्षकांचाही विचार आधीच करा. ढोल वाजत असतो, आरतीची माणसं येत-जात असतात, मागून हॅलोजनचा उजेड पडतो. संवाद कुणालाही ऐकू येणार नाही. तेव्हा संवाद नकोतच. रेघ जाड, आकाश फिकं, पात्रं गडद. पात्र पूर्ण काळं भरलं तरी ते काय करतंय ते कळलं पाहिजे. न कळलं तर पवित्रा बदला, रेघा वाढवू नका.

प्रश्न : १९४८च्या ‘बकनीअर बनी’ या कार्टूनपटात ससा बग्ज बनी जहाजाच्या दारूकोठारात पेटती काडी टाकत राहतो आणि चाचा योसेमिटी सॅम तिच्यामागे धावत राहतो. तसाच प्रसंग आम्ही केला. स्फोट झकास झाला, पण कुणी हसलं नाही. (विलेपार्ले)

स्फोट झकास झाला हेच बहुधा दुखणं आहे. हशा स्फोटाला येत नाही, स्फोटाच्या आधीच्या वाट पाहण्याला येतो. त्या कार्टूनपटाचे दिग्दर्शक फ्रिझ फ्रेलेंग हे पक्कं जाणून होते. सॅम आधी धावतो, मग बजावतो की पुन्हा टाकलीस तर मी जाणार नाही, आणि ससा अर्थातच पुन्हा टाकतो. आता सॅमला नुसतं उभं राहायचंय. आपल्याला काही पडलेली नाही असं दाखवायची त्याची जी धडपड चालते, तिच्यातच सगळी गंमत आहे.

तुमच्या प्रसंगासाठी फ्रेमचा हिशेब असा मांडून बघा. पहिली फेरी सावकाश घ्या, कारण नियम प्रेक्षकाला इथेच कळायचा असतो : काडी पेटते १६, फेकतो ८, काडी जिन्यावरून खाली जाते १२. दुसरा चाचा काडीकडे आणि मग आपल्याकडे बघतो २०. धूम ठोकतो ८. पडदा रिकामा, जहाज शांत, २४. धापा टाकत, विझलेली काडी घेऊन वर येतो १८. एकूण १०६, म्हणजे साडेचार सेकंदांना जरा कमी.

दुसरी फेरी ६० फ्रेममध्ये उरका. बघणं गाळा, थेट धाव. प्रेक्षक आता नियम जाणतो, त्याला पुन्हा शिकवू नका. तुम्ही बहुतेक तिन्ही फेऱ्या सारख्या लांबीच्या केल्या असतील. हौशी कामांत ही चूक सर्रास दिसते.

तिसऱ्या फेरीत काडी पेटवून फेकायला २८ फ्रेम, आणि मग तो जात नाही. ८४ फ्रेम, साडेतीन सेकंद. शरीर एकाच चित्रात गोठलेलं, हलतात फक्त डोळे आणि बोटं. बोटाचा ठोका आधी दर १२ फ्रेमला, मग १०, ८, ६. वेग वाढतोय हे प्रेक्षकाच्या लक्षात यायच्या आत त्याच्या पोटात गोळा आला पाहिजे. मग एकदम धाव ६, रिकामा पडदा १४, एक फ्रेम पांढरी, एक काळी, पुढे ३६ फ्रेम नुसता धूर. तिन्ही फेऱ्या मिळून ३३६ फ्रेम, नेमके १४ सेकंद.

पांढरी-काळी लखलख याहून वाढवू नका. सेकंदाला तीनपेक्षा जास्त वेळा पडदा चमकला तर अपस्माराचा त्रास असलेल्यांना झटका येऊ शकतो, आणि मंडपात कोण बसलंय ते आपल्याला माहीत नसतं.

रिकाम्या पडद्याला १४ फ्रेमच का? ‘रोड रनर’ कार्टूनपटांचे दिग्दर्शक चक जोन्स यांनी त्यांतल्या कोयोटीच्या (लांडग्यासारख्या प्राण्याच्या) दरीत कोसळण्याबद्दल हाच आकडा लिहून ठेवलाय : दिसेनासा व्हायला १८ फ्रेम, आणि त्यानंतर १४ फ्रेमनी आपटणं. त्यांच्या मते तेरालाही हसू येत नाही आणि पंधरालाही. जोन्स यांचा तो प्रसंग वेगळा, पण सुरुवात १४ पासून करा आणि दोन-दोन फ्रेम इकडेतिकडे करून चार जणांना दाखवा. स्वतःला दाखवून उपयोग नाही, तुम्हाला पुढचं माहीत आहे.

आणखी एक. काडी टाकणाऱ्याला नाचवू नका, दात विचकायला लावू नका. जिंकणाऱ्याच्या हालचाली कमीत कमी ठेवा, खांबाला टेकलेला असला तरी चालेल. दोघंही उड्या मारू लागले की नजर कुठे ठेवायची तेच कळत नाही.

प्रश्न : तोफेचा गोळा जड वाटत नाही, फुग्यासारखा दिसतो. (बोरिवली)

दोन कारणं असू शकतात. तोंडातून सुटलेला गोळा तुम्ही पडदाभर दाखवत असाल. तो दोन फ्रेम दिसला तरी खूप झाला, पुढचं काम धुराचं आणि मागे हटणाऱ्या तोफेचं. तोफ ४ फ्रेममध्ये झटक्यानं मागे जाऊ द्या आणि २० फ्रेममध्ये हळूहळू जागेवर येऊ द्या.

आणि फुसका बार असेल, गोळा तोंडातून टपकन खाली पडत असेल, तर भौतिकशास्त्राला थोडं चुकवा. मीटरभर उंचीवरून पडायला खरोखर सुमारे ११ फ्रेम लागतात. पडद्यावर ६ मध्ये पाडा. गोळा आपटल्यावर चपटा करू नका, उसळवू नका. फळीच वाकू दे, आणि शेजारी उभा असलेला चाचा दोन फ्रेम उशिरा उडू दे.

प्रश्न : त्या कार्टूनपटांत पावलागणिक वाद्य वाजतं. आधी चित्रं की आधी संगीत? (गिरगाव)

ठोका आधी ठरतो, चित्रं त्यावर बेततात, आणि वाद्यवृंदाचं ध्वनिमुद्रण सगळ्यात शेवटी. हे कार्टूनपट काढणाऱ्या वॉर्नर ब्रदर्स स्टुडिओकडे १९३६ ते १९५८ संगीत कार्ल स्टॉलिंग यांचं होतं. त्याआधी ते मूकपटांच्या थिएटरात ऑर्गन वाजवत, म्हणजे पडद्याकडे बघत वाजवण्याची सवय जुनीच. फ्रेलेंगही संगीत जाणणारे, प्रसंगाची वेळ ते स्वरलिपीच्या कागदासारख्या तक्त्यावर मांडत. तोफांचे आणि आदळआपटीचे आवाज ट्रेग ब्राउन यांचे. ससा आणि सॅम, दोघांचाही आवाज एकाच माणसाचा, मेल ब्लँक यांचा.

तुमच्यासाठी सूत्र सोपं : १४४० ला ठोक्याच्या फ्रेमनी भागा. १२ फ्रेमचा ठोका म्हणजे मिनिटाला १२० मात्रा, चालण्यासाठी ठीक. ८ फ्रेमचा म्हणजे १८०, पाठलागासाठी. दबकत चालायचं असेल तर १६ फ्रेमचा, मिनिटाला ९०. मोबाइलच्या मेट्रोनोमवर (ठोके देणाऱ्या ॲपवर) हा आकडा लावा आणि पाऊल नेमकं त्या फ्रेमवर टेकवा. चित्रं झाल्यावर ठोका बसवायला गेलात तर सगळं काम पुन्हा करावं लागेल.

वाद्यं हाताशी असलेलीच घ्या. काडीची वाट पाहताना हलगीवर बोटांनी वाढत जाणारा ठोका छान चालतो. पण स्फोटाआधीच्या रिकाम्या पडद्याच्या १४ फ्रेमना काही म्हणजे काही वाजवू नका. डोलकाठीच्या करकरीला झोपाळ्याची न तेल घातलेली कडी, लाटेला अर्ध्या बादलीत हात, शिडाच्या फडफडीला ओली चादर. स्फोट फोनवर टिपताना आवाज फाटतो. रिकामं पिंप गादीवर आपटा, फोन दोन-तीन मीटर दूर ठेवा आणि मग ॲपमध्ये आवाजाची पट्टी (पिच) खाली उतरवा.

प्रश्न : खलनायक नेहमी बुटका आणि मिशाळ का? (ठाणे)

नेहमी नसतो. सॅम १९४५ मध्ये आला तो सशाला जरा तिखट प्रतिस्पर्धी हवा म्हणून. आधीचा शिकारी एल्मर फारच गरीब होता, त्याला फसवण्यात मौज उरत नव्हती. राग मोठा आणि देह छोटा, एवढंच त्यातलं गणित. तुम्ही उंच, किडकिडीत चाचा घेतलात तरी बिघडत नाही, फक्त दोघांचे आकार एकमेकांपासून दुरून वेगळे दिसू देत. आणि सॅमचीच टोपी-मिशी उचलू नका.

प्रश्न : परदेशी चाच्यांऐवजी कान्होजी आंग्रे घेतले तर? (माझगाव)

चाचा म्हणून घेऊ नका. इंग्रजांच्या कागदांत त्यांना चाचा म्हटलंय हे खरं, पण ते मराठ्यांच्या आरमाराचे सरखेल होते आणि परवाना न घेता फिरणारी जहाजं पकडणं हा त्यांच्या लेखी अंमल होता. १७१८ मध्ये खांदेरीवर आणि १७२१ मध्ये पोर्तुगीजांना सोबत घेऊन अलिबागच्या कुलाबा किल्ल्यावर इंग्रज चालून आले, दोन्हीदा हात हलवत परतले. विनोद हवाच असेल तर तो या चालून येणाऱ्यांवर करा, मालमसाला तिथे पुष्कळ आहे.

जहाजं मात्र जरूर आपली घ्या, काढायलाही ती सोपी. गुराब बहुधा दोन डोलकाठ्यांची, १५० टनांपर्यंतची. तीन डोलकाठ्यांची ३०० टनांच्या आसपास. तिच्या नाळेवरच्या, म्हणजे पुढच्या टोकावरच्या, तोफा समोर मारा करत, म्हणजे विनोदासाठी बाजूच्या भोकांची रांग नको, पुढे रोखलेलं एक तोंड पुरे. गलबत लहान, क्वचितच ७० टनांवर, चाळीस-पन्नास वल्ह्यांचं. वारा पडलाय, गुराब जागच्या जागी, आणि गलबत वल्ही मारत तिच्याभोवती घिरट्या घालतंय : प्रसंग आपोआप तयार. वल्ही एकेक काढू नका. दहा वल्ह्यांचा एक गठ्ठा काढून आठ चित्रांत फिरवा.

हेलकाव्यासाठीही जहाज पुन्हा पुन्हा काढायचं नाही. जहाज स्थिर ठेवा आणि क्षितिजाचा कागद फिरवा, दोन ते तीन अंश, एका बाजूला ४८ फ्रेम, टोकाशी हळू आणि मध्ये जलद. पाच अंशांच्या पुढे गेलात तर प्रेक्षकालाच बोट लागते.

प्रश्न : शूट केल्यावर चित्र लुकलुकतं. फोन चांगला आहे. (मुलुंड)

फोनचा दोष नाही. तो दर फोटोला उजेड आणि रंग स्वतः ठरवतो, आणि पांढरा धूर आला की सगळं काळवंडून टाकतो. मॅन्युअल मोडमध्ये फोकस, आयएसओ (उजेडाची संवेदनशीलता) आणि व्हाइट बॅलन्स (रंगाचा तोल) तिन्ही कुलूपबंद करा. शटर १/५० किंवा १/१०० सेकंद ठेवा, आपल्याकडे वीज ५० हर्ट्झची असल्यानं या वेगांना ट्यूबचा लुकलुकाट दिसत नाही. पडदे ओढा, ढग सरकला तरी फ्रेम बदलते. फिका शर्ट घालून कॅमेऱ्याशेजारी बसू नका, त्याचा उजेड कागदावर पडतो. फोटो काढायला स्क्रीनला बोट लावू नका, इअरफोनच्या व्हॉल्यूमच्या बटणानं काढा. आणि पंखा बंद. उकडेल, पण कागद तरी जागेवर राहील.