नेट बंद पडण्याआधी : वाचकांचे प्रश्न

प्रश्न : आणीबाणीत हाताशी असावा म्हणून इंग्रजी विकिपीडिया उतरवून घेतला. लॅपटॉपवर तो नीट उघडतो. पण १२८ जीबीच्या पेनड्राइव्हवर कॉपी करायला गेलं, की सगळी जागा रिकामी असूनही ‘फाइल फार मोठी आहे’ असं येतं. पेनड्राइव्ह बिघडलाय का?

उत्तर : बिघडलेला नाही. तो ‘फॅट३२’ पद्धतीने फॉरमॅट केलेला असणार. त्या पद्धतीत एक फाइल ४ जीबीच्या पुढे जाऊ शकत नाही, जागा कितीही शिल्लक असो. आत जे काही आहे ते आधी दुसरीकडे काढून घ्या, कारण पुढच्या पायरीत सगळं पुसलं जातं. मग ड्राइव्हवर राइट क्लिक करून ‘फॉरमॅट’मध्ये ‘एक्सफॅट’ निवडा. जुना फोन एक्सफॅट वाचत नसेल, तर लॅपटॉपवरून कॉपी करताना ते कळत नाही. म्हणून ज्या फोनवर वापरायचं आहे त्याच फोनला जोडून बघा.

आता फाइलबद्दल. नेटशिवाय विकिपीडिया वाचायच्या किविक्स या अॅपसाठीच्या विकिपीडियाच्या ‘झिम’ फाइली तीन प्रकारांत मिळतात. ‘मिनी’त लेखाची फक्त सुरुवात असते, ‘नोपिक’मध्ये चित्रांशिवाय पूर्ण मजकूर आणि ‘मॅक्सी’त सगळं. इंग्रजीची मॅक्सी १०० जीबीच्या आसपास जाते, म्हणजे तुमचा पेनड्राइव्ह तेवढ्यानेच जवळजवळ भरेल. आमचा सल्ला असा : विकिपीडिया नोपिक घ्या आणि वैद्यकीय विषयांचा वेगळा संग्रह चित्रांसह घ्या. रक्तस्राव थांबवायला कुठे दाबायचं, हे चित्राशिवाय वाचून कळत नाही. मराठी विकिपीडियाची फाइल इंग्रजीच्या मानाने खूपच लहान आहे, तीही सोबत ठेवा.

मोठी फाइल उतरताना मध्येच तुटते आणि तरी वरवर पूर्ण दिसते. मग अॅप उघडतं, पण एखाद्या लेखावर येऊन अडकतं. डाउनलोडसोबत एसएचए-२५६ ही लांबलचक खूण दिलेली असते. विंडोजवर सेव्हन-झिप टाकलेलं असेल, तर फाइलवर राइट क्लिक करून तीच खूण काढता येते. दोन्ही अक्षर न् अक्षर जुळल्या पाहिजेत. एकही अक्षर वेगळं असेल, तर फाइल पुन्हा उतरवा.

पेनड्राइव्ह नवा असेल तर आधी त्याचीच परीक्षा घ्या. बनावट ड्राइव्ह १२८ जीबी दाखवतात, पण आत जागा त्याहून बरीच कमी असते. ती भरली की पुढचं लिहिलेलं हरवतं, आणि कॉपी मात्र ‘यशस्वी’ दिसते. विंडोजवर ‘एच२टेस्टडब्ल्यू’, लिनक्सवर ‘एफ३’ हे प्रोग्राम पूर्ण ड्राइव्ह भरून परत वाचून बघतात. सेकंदाला २० एमबीच्या वेगाने १२८ जीबी भरायलाच पावणेदोन तास लागतात, शिवाय वाचायचा वेळ वेगळा. तेवढा वेळ द्याच.

प्रश्न : प्रथमोपचाराच्या मराठी पीडीएफ जमवल्या आहेत. पण ‘साप’ शोधलं की एकही निकाल येत नाही, पानावर शब्द समोर दिसत असतानासुद्धा.

उत्तर : पीडीएफमधली एक ओळ कॉपी करून नोट्समध्ये चिकटवून बघा. काहीच चिकटलं नाही, तर ते पानांचे फोटो आहेत. ‘lki’सारखी रोमन अक्षरं आली, तर मजकूर जुन्या, युनिकोडपूर्व फॉन्टमध्ये आहे, म्हणजे दिसायला मराठी, पण आत रोमन अक्षरंच साठवलेली. स्कॅन केलेल्या पानांवर ओसीआर (फोटोतली अक्षरं ओळखून मजकूर काढणारा प्रोग्राम) चालवता येतं, मात्र औषधाच्या मात्रेचे आकडे मूळ पानाशी ताडून बघा. ३ आणि ८ यांची गल्लत तिथे परवडणारी नाही. एवढी खटपट नको असेल, तर फाइलच्या नावातच विषय लिहा : ‘साप-चावल्यास’, ‘भाजल्यास’, ‘पाणी-शुद्धीकरण’. घाईत तेच आधी सापडतं.

प्रश्न : नेट नसताना जीपीएस चालतं का?

उत्तर : चालतं. जीपीएसला उपग्रहांचे संदेश लागतात, मोबाइलचं नेटवर्क नाही. मात्र नेटची मदत नसल्याने पहिली जागा सापडायला वेळ लागतो, म्हणून उघड्या आकाशाखाली थांबा. नकाशा आधी उतरवलेला हवा. गूगल मॅप्सच्या ऑफलाइन नकाशात गाडीचा रस्ता मिळतो, पायी जाण्याचा नाही, आणि त्या नकाशाला मुदत असते. रस्ता बंद झाला की माणसं पायीच निघतात. म्हणून ओपनस्ट्रीटमॅप या खुल्या नकाशावर चालणारं ऑरगॅनिक मॅप्स किंवा ऑसमअँड सोबत ठेवा.

प्रश्न : सगळं फोनमध्ये आहे. आणखी काय राहिलं?

उत्तर : फोन विमान मोडवर टाका, वाय-फाय बंद आहे ना ते बघा, फोन बंद करून चालू करा आणि एकेक गोष्ट उघडा. क्लाउडमधल्या फाइलचं नाव दिसतं, पण फाइल आत नसते. ही गोष्ट इथेच लक्षात येते. हे दर तीन महिन्यांनी करा. किविक्स किंवा नकाशाचं अॅप काढून पुन्हा टाकलंत, तर त्याने स्वतःच्या फोल्डरमध्ये उतरवलेलंही सोबत पुसलं जाऊ शकतं, त्यामुळे दुसरी प्रत वेगळ्या ड्राइव्हवर हवीच. १०,००० एमएएचच्या पॉवर बँकेतून ५,००० एमएएचचा फोन दोनदा पूर्ण भरत नाही. व्होल्टेज बदलताना ऊर्जा वाया जाते, त्यामुळे सव्वा ते दीड वेळा धरा.

घरच्यांचे फोन नंबर, रक्तगट, रोजची औषधं मात्रेसह आणि खात्यांचे बॅकअप कोड (फोन हाताशी नसताना लॉगिन करायला मिळालेले आकडे) कागदावर काढा. लेझर प्रिंट घ्या, कारण इंकजेटची शाई पाण्याने पसरते. बंद होणाऱ्या प्लॅस्टिकच्या पिशवीत घालून तो कागद पेनड्राइव्हसोबतच ठेवा, पण बॅकअप कोड वेगळ्या कागदावर, वेगळ्या ठिकाणी.