वडिलांच्या जुन्या वेब्लीला पॉलिश करण्यापूर्वी

आपला प्रश्न दोनदा वाचला आणि दुसऱ्या वेळी वाचताना तो आपला आहे की नऊ वर्षांपूर्वीचा माझाच, असा संभ्रम पडला. वडिलांना जाऊन चार महिने झाले आहेत, त्यांचे .३२ बोअरचे वेब्ली (बर्मिंगहॅमच्या वेब्ली कंपनीचे जुने रिव्हॉल्व्हर) आपण रीतसर शस्त्रविक्रेत्याकडे जमा केले आहे, वारस म्हणून केलेल्या अर्जाची चौकशी चालू आहे आणि तेवढ्यात विक्रेत्याने ‘इथे नुसते पडूनच आहे, तर घासून-पुसून नवे ब्लूइंग करून ठेवतो’ असे, म्हणजे पोलादाला पुन्हा निळसर-काळा रंग चढवण्याचे, सुचवले आहे. धाकटे बंधू म्हणतात की हे जुने धूड देऊन टाका आणि कानपूरचे नवे घ्या. आपण मत विचारले आहे ते बंधूंच्या सल्ल्यावर, आणि विक्रेत्याच्या सूचनेचा उल्लेख मात्र जाता जाता केला आहे. माझ्या मते आपला खरा प्रश्न विक्रेत्याच्या त्या सूचनेचाच आहे, म्हणून उत्तराचा मोठा भाग त्यावर खर्च करतो.

आधी एक खुलासा. मी वकील नाही, बंदुकांचा कारागीर नाही. पाटबंधारे खात्यातून निवृत्त झालेला अभियंता आहे आणि माझ्याकडे एकच रिव्हॉल्व्हर आहे, तेही आजोबांकडून वडिलांकडे आणि वडिलांकडून माझ्याकडे आलेले. कायद्याविषयी जे लिहितो आहे ते स्वतःच्या प्रकरणात शिकलेले आहे. आपल्या जिल्ह्यातील पद्धत वेगळी असू शकते. अर्ज कसा भरायचा, इतर वारसांची संमतिपत्रे कशी जोडायची हे आपण केलेलेच आहे, तेव्हा त्याची पुनरावृत्ती करत नाही.

माझे वडील २०१६ च्या पावसाळ्यात गेले. परवानाधारक गेला की शस्त्र घरात ठेवता येत नाही, ते पोलीस ठाण्यात किंवा परवानाधारक विक्रेत्याकडे जमा करावे लागते, एवढे ठाऊक असल्यामुळे तेराव्यानंतर लगेच मी ते विक्रेत्याकडे नेऊन पावती घेतली. इथपर्यंत सगळे ठीक होते. दोन महिन्यांनी चौकशीला गेलो असता तेथील कारागिराने, ज्याच्याकडे दुरुस्तीचा रीतसर परवाना होता, अगदी आपुलकीने विचारले की ‘साहेब, ठिकठिकाणी रंग उडालाय, चकाचक करून ठेवू का?’ मी ‘करा’ म्हणालो. माझ्या आयुष्यातील सर्वांत महागडे क्रियापद तेच.

तीन आठवड्यांनी कपाटातून जे बाहेर आले ते आरशासारखे चमकत होते आणि पहिली दोन मिनिटे मी खूशही झालो. मग ते उजेडात धरले. वेब्लीच्या नळीची आणि सांगाड्याची (म्हणजे फ्रेमची) अंगे सपाट असतात, त्यांच्या कडा कारखान्यातील माणसाने हाताने राखलेल्या असतात. त्या सगळ्या कडा बफिंगच्या, म्हणजे झिलई देण्याच्या, चाकाने गोल करून टाकल्या होत्या, चोखलेल्या साखरेच्या खड्यासारख्या. प्रत्येक स्क्रूच्या भोवती उथळ खळगा पडला होता, कारण बफ मऊ असतो आणि भोकाच्या काठावरचा पोलाद आधी खातो. पंख लावलेल्या गोळीचे जे कंपनीचे चिन्ह होते त्याचे पंख गेले होते. बर्मिंगहॅमच्या प्रूफ हाऊसचे (बंदुकांची चाचणी करणाऱ्या संस्थेचे) मुकुटाखालील शिक्के, ज्यांतील ‘एनपी’ हा शिक्का धूरविरहित दारूची चाचणी झाल्याची साक्ष असतो, ते बोटाला लागेनासे झाले होते. आणि मूठ डाव्या हाताला करून पाहिले तर सांगाड्यावरच्या क्रमांकाचा शेवटचा आकडा तीन आहे की आठ, हे मलाच सांगता येईना.

दुःख आधी कशाचे झाले ते प्रामाणिकपणे सांगतो. नळी उघडण्याचा जो खटका डाव्या बाजूला असतो, त्यावर अंगठ्याच्या जागी निळेपणा जाऊन करडा, गुळगुळीत डाग पडला होता. आजोबांनी आणि नंतर वडिलांनी साठ वर्षे तेथेच अंगठा ठेवला होता. कारागिराने तो ‘डाग’ काढून टाकला होता आणि त्याचे त्याला कौतुक होते.

त्यानंतरचा भाग परवाना देणाऱ्या कार्यालयाचा. नाव घेत नाही. घेऊन उपयोगही नाही, कारण तेथील माणसे तीनदा बदलली आहेत. परवान्यावर नोंद करण्यापूर्वी शस्त्र प्रत्यक्ष दाखवावे लागते, तेव्हा संबंधित लिपिकाने क्रमांक वाचला, वडिलांच्या परवान्याच्या पुस्तिकेतील क्रमांकाशी ताडला आणि फाइलवर ‘क्रमांक जुळत नाही’ असा शेरा मारला. ‘अस्पष्ट आहे’ आणि ‘जुळत नाही’ यांत जमीन-अस्मानाचा फरक आहे, हे मी परोपरीने सांगितले. शस्त्र अधिनियम १९५९ च्या कलम ८ नुसार शस्त्रावरील ओळखखूण पुसणे किंवा बदलणे हा गुन्हा आहे आणि खूण नसलेले शस्त्र ज्याच्याकडे सापडेल त्यानेच ती पुसली असे गृहीत धरले जाते. उलट शाबित करण्याचा भार त्याच्यावर. म्हणजे वडिलांची आठवण जपू पाहणारा मी एका शेऱ्याने संशयिताच्या रांगेत उभा राहिलो. मला निर्मात्याचे प्रमाणपत्र आणण्यास सांगण्यात आले. ज्या कंपनीने बर्मिंगहॅममध्ये रिव्हॉल्व्हर बनवणे बंद करून कित्येक दशके लोटली आहेत तिचे प्रमाणपत्र कोठून आणावे, असे विचारल्यावर ‘ते आम्ही कसे सांगणार’ असे उत्तर मिळाले. लेखी मागितले असता लेखी मिळाले नाही. फाइल एका मेजावरून दुसऱ्या मेजावर आणि तेथून सुटीवर गेलेल्या साहेबांच्या खोलीत, असे एकोणीस महिने गेले. मधल्या काळात निवडणूक आली, तेव्हा तर कोणी बोलायलाही मोकळे नव्हते.

सुटका झाली ती दोन गोष्टींमुळे. आजोबांच्या पत्र्याच्या पेटीत, जमिनीच्या जुन्या पावत्यांच्या खाली, खरेदीचे बिल सापडले आणि त्यावर शाईने लिहिलेला पूर्ण क्रमांक होता. दुसरे म्हणजे एका नव्या अधिकाऱ्याने शहाणपणाने मुख्यालयाच्या शस्त्रागारातील हवालदारांना पाहणीसाठी बोलावले. त्या गृहस्थांनी सांगाड्याकडे पाहिलेच नाही. त्यांनी खटका दाबून नळी खाली वाकवली, चक्र (म्हणजे सिलिंडर) खिडकीकडे केले, रुमालाच्या टोकाला थोडे रॉकेल लावून चक्र पुसले आणि मोबाइलचा उजेड आडवा धरला. तेथे तोच क्रमांक, चारही आकडे, कोरल्यासारखे स्वच्छ. चक्र वेगळे काढून बफवर धरण्याचा कंटाळा कारागिराने केला होता, त्या कंटाळ्याने मला वाचवले. हवालदारांनी मग तोच आडवा उजेड सांगाड्यावर टाकला आणि म्हणाले, ‘आठ आहे, वरचं वेटोळं बारीक राहिलंय.’ पाच मिनिटांचे काम. एकोणीस महिन्यांत ही पाच मिनिटे कोणालाही सुचली नव्हती.

तेव्हा आपल्याला माझी कळकळीची विनंती अशी की विक्रेत्याला आजच्या आज लेखी कळवा की शस्त्रावर कोणतेही काम करायचे नाही; फक्त तेलाचा हलका हात फिरवायचा आणि सुती कापडात ठेवायचे. त्याच भेटीत सांगाडा, चक्र आणि नळी यांवरील सर्व खुणांची छायाचित्रे विक्रेत्यासमोर काढा, उजेड समोरून न टाकता बाजूने टाकून, आणि पावतीवर क्रमांक आकड्यांत व अक्षरांत लिहून घ्या. चामड्याच्या म्यानात ठेवले असेल तर ते आधी बाहेर काढा. कमावलेल्या चामड्यातील क्षार आणि आपल्याकडचा पाऊस यांनी जेवढी रिव्हॉल्व्हरे खाल्ली आहेत तेवढी गोळीबाराने झिजलेली नाहीत, असे माझे ठाम मत आहे.

ब्लूइंग मुळात करूच नये का, असे आपण विचाराल. गंज पसरत असेल तर तो थांबवावा लागतो, हे मान्य. पण रंग उडणे म्हणजे गंज नव्हे. उलट काही वेळा खडबडीतपणाच अस्सल असतो: युद्धकाळात ‘मार्क चार’ या नमुन्याच्या .३८ वेब्लींना झिलई देण्यास वेळ नव्हता, म्हणून कारखान्याने हत्यारांचे ओरखडे तसेच ठेवले आणि वर ‘वॉर फिनिश’ असा शिक्का मारून दिला. तेही गुळगुळीत करून आणणारे महाभाग मी पाहिले आहेत.

आता बंधूंच्या म्हणण्याकडे येतो. त्यांना सांगा की कानपूरच्या आयुध कारखान्याचे जे .३२ रिव्हॉल्व्हर ते सुचवत आहेत, त्याचा मूळ आराखडा वेब्लीच्या मार्क चारवरूनच घेतलेला आहे. म्हणजे आजोबा देऊन नातू घेण्यासारखे आहे. नातू वाईट आहे असे मी म्हणणार नाही, अनेकांना त्याची उत्तम साथ मिळाली आहे. परंतु दोन्ही शेजारी ठेवून हाताळली तर फरक समजतो. जुन्या वेब्लीचा खटका दाबून नळी वाकवली की बिजागरीत कोठेही खडखड नसते, मधली चांदणी एकसारखी वर येते, सहाही पुंगळ्या उचलून टाकते आणि शेवटी ‘टक्’ करून आपल्या जागी परत बसते. नळी बंद करताना होणारा आवाज एकच आणि भरीव असतो. फिल्मी पद्धतीने मनगटाच्या झटक्याने मात्र ती कधीही बंद करू नका, त्याने खटका सैल होतो.

आणि चाप. घोडा (काडतुसावर आपटणारी हातोडी) अंगठ्याने न चढवता नुसता चाप ओढला की तीच ओढ चक्र फिरवते, घोडा उचलते आणि सोडते. डबल अॅक्शन म्हणतात ते हेच. ही ओढ जड असते आणि नवखा माणूस तिला दोष देतो. पण जुन्या रिव्हॉल्व्हरमध्ये ती आरंभापासून शेवटापर्यंत एकाच वजनाने येते, मध्ये अडत नाही, कारण आतले भाग माणसाने कानशीने एकमेकांना जुळवलेले असतात. विहिरीतून भरलेली घागर रहाटावर ओढताना जसा दोर हाताला कळतो, तसे चक्र कोठवर आले आहे ते बोटाला कळते. मी वर्षातून काही वेळाच परवानगी असलेल्या रेंजवर जातो आणि नेम काही फार चांगला नाही, तरी ही ओढ अनुभवण्यासाठी जातो. घरी रिकामा चाप ओढून हा आनंद घेऊ नये. घोड्याच्या नाकाला ते मानवत नाही, आणि त्याचा सुटा भाग मिळवणे म्हणजे दुसरे एकोणीस महिने.

आटोपशीर रिव्हॉल्व्हरचे चाहते जगभर आहेत. अमेरिकेत १९२७ चे सहा गोळ्यांचे कोल्ट डिटेक्टिव्ह स्पेशल किंवा १९५० चे पाच गोळ्यांचे स्मिथ अँड वेसनचे चीफ्स स्पेशल यांच्याविषयी लोक असेच हळवे होतात. त्यांचे चक्र बाजूला उघडते आणि त्यांची भक्ती करणाऱ्यांना आपली वाकणारी नळी जुनाट वाटते. वाटू द्यावी. आपल्या वेब्लीतील .३२ लाँग काडतूस मुळात स्मिथ अँड वेसनने १८९६ मध्ये आणलेले आहे. म्हणजे रिव्हॉल्व्हर बर्मिंगहॅमचे, माप अमेरिकेचे आणि आपल्याला मिळणारी काडतुसे पुण्याच्या खडकीतील दारूगोळा कारखान्याची. काडतुसे घेताना डबीवर ‘.३२ रिव्हॉल्व्हर’ आहे की ‘.३२ पिस्तूल’, हे स्वतः वाचून घ्या. मला एकदा घाईत पिस्तुलाची डबी पुढे करण्यात आली होती. ती दोन काडतुसे वेगळी आहेत आणि एकाच्या जागी दुसरे चालवून पाहण्याचा विषयच नको.

किमतीचे म्हणाल तर सामान्य परवानाधारकांसाठी परदेशी शस्त्रांची आयात १९८० च्या दशकात बंद झाल्यापासून देशात जी जुनी विलायती रिव्हॉल्व्हरे आहेत तेवढीच आहेत. त्यामुळे कोणी ‘जुने आहे, फारसे काही येणार नाही’ असे म्हणाले तर तो घेणारा आहे की देणारा, ते आधी पाहावे. मात्र घासलेल्या, कडा गेलेल्या नगाला जाणकार हात लावत नाही, हे मी अनुभवाने सांगतो.

एक गोष्ट आपण लिहिलेली नाही, पण तपासून पाहा. आपल्या स्वतःच्या परवान्यावर आधीच दोन बंदुका असतील तर हे तिसरे शस्त्र आपल्याला वारसाहक्कानेही घेता येणार नाही, कारण २०१९ च्या दुरुस्तीने मर्यादा तीनवरून दोनवर आली आणि ती वारशाच्या शस्त्रांनाही लागू आहे. तसे असल्यास बंधूंच्या नावाने अर्ज करण्याचा विचार करावा. कदाचित त्यांचे मतही त्यामुळे बदलेल. तसेच आपल्या कुटुंबात दुसरे कोणी वयस्कर परवानाधारक असतील तर त्यांना सांगा की २०१६ च्या नियमांनुसार परवानाधारक सत्तर वर्षांचा झाल्यावर किंवा शस्त्र त्याच्याकडे पंचवीस वर्षे असल्यास, तो हयात असतानाच वारसाच्या नावाने परवाना मागता येतो. माझे वडील गेले तेव्हा ऐंशीच्या पुढे होते. ही सोय त्यांच्या हयातीत वेळेवर वापरता आली असती तर शस्त्र विक्रेत्याच्या कपाटात गेलेच नसते.

विक्रेत्याने काम आधीच सुरू केले असेल तर रागावू नका, पण चक्र वेगळे काढून पॉलिश करण्याआधी तेथे पोहोचा. आणि वडिलांची परवान्याची पुस्तिका कार्यालयात जमा करण्यापूर्वी तिच्या प्रत्येक पानाची, कोऱ्या पानांसकट, साक्षांकित प्रत काढून घ्या. मूळ खरेदीचे बिल सापडत नसेल तर ते कपाटात शोधू नका; जमिनीच्या कागदांत शोधा. त्या पिढीने शस्त्राचे आणि शेताचे कागद एकाच पेटीत ठेवले आहेत.