माइनक्राफ्टचं फ्लीस ब्लँकेट किती उबदार आणि किती टिकाऊ, हे घरी कसं तपासायचं?

तुमचा प्रश्न असा आहे की मुलासाठी क्रीपरचं (माइनक्राफ्ट या व्हिडिओ गेममधल्या हिरव्या राक्षसाचं) तोंड छापलेलं ५० बाय ६० इंची फ्लीस ब्लँकेट ऑनलाइन मागवलं आहे. ते नाशिकच्या थंडीला पुरेल का, आणि धुतल्यावर टिकेल का?

आधी क्रम ठरवा. एकदा पाण्यात घातलं की ब्लँकेट परत करता येत नाही. वजन, उजेड, टेप आणि कोरडं घासणं या चार तपासण्यांनी कापडाला काही होत नाही. त्या परतीच्या मुदतीतच उरका आणि तोवर टॅग काढू नका.

सुरुवात स्वयंपाकघरातल्या डिजिटल काट्याने करा. ब्लँकेटची घडी पातेल्यात ठेवून वजन घ्या आणि पातेल्याचं वजन वजा करा. ५० बाय ६० इंच म्हणजे साधारण १.९ चौरस मीटर. ग्रॅममधल्या वजनाला १.९ ने भागलं की जीएसएम, म्हणजे दर चौरस मीटरला किती ग्रॅम, तो आकडा निघतो. ४०० ग्रॅम भरलं तर जवळपास २१०, ५७० भरलं तर ३००. २०० च्या खालचं कापड टीव्हीसमोर बसून पायावर घ्यायला ठीक, थंडीत झोपायला नाही. २५० ते ३०० असेल तर खरेदी चांगली. वर्णनात ३०० लिहिलेलं असताना काटा २०० दाखवत असेल तर थेट परत करा. इथे हवेतल्या ओलाव्याची सबब चालत नाही, कारण पॉलिएस्टर स्वतःच्या वजनाच्या अर्धा टक्कासुद्धा ओलावा धरत नाही.

मात्र नुसत्या वजनावर जाऊ नका. फ्लीस म्हणजे पॉलिएस्टरची वीण, ब्रशने खरवडून तिच्यावर लव काढलेली. ऊब देते ती त्या लवेत अडकलेली हवा. ब्लँकेट ट्यूबलाइटसमोर धरा. विणीची जाळी स्पष्ट दिसली तर लव विरळ आहे. मग छापलेली बाजू आणि मागची बाजू हाताने चाचपून बघा. असं चित्र बहुतेक वेळा आधी कागदावर छापतात आणि साधारण २०० अंशांना कापडावर दाबतात. शाईची वाफ होऊन ती धाग्यात शिरते. त्या दाबाखाली पुढची लव बसते. मागची बाजू मऊ आणि पुढची अगदी गुळगुळीत, सपाट लागत असेल तर अर्धी ऊब कारखान्यातच गेली आहे.

आता खरी ऊब. स्टीलच्या दोन सारख्या, एका पत्र्याच्या बाटल्या घ्या. थर्मासची दुहेरी भिंतीची बाटली इथे उपयोगाची नाही. दोन्हींत ६० अंशांचं पाणी एकाच पातळीपर्यंत भरा, टोपणं घट्ट लावा आणि बाटल्या वर्तमानपत्राच्या जाड घडीवर ठेवा, नाहीतर उष्णता फरशीत जाते. एका बाटलीभोवती नव्या ब्लँकेटचा कोपरा आणि दुसरीभोवती ज्याची ऊब तुम्हाला ठाऊक आहे असं घरातलं पांघरूण गुंडाळा. थर एकच ठेवा, चिमटा लावा, पण आवळू नका. दाबली की हवा निघून जाते. उरलेलं ब्लँकेट बाजूला पसरू द्या. अर्ध्या तासाने टोपण काढून स्वयंपाकाच्या थर्मामीटरने पाणी मोजा. तापाचं थर्मामीटर चालत नाही, ते ४२-४३ अंशांपुढे जात नाही. दोघांत दोन अंशांहून कमी फरक असेल तर दोन्ही पांघरुणं सारखीच समजा.

हीच तपासणी टेबल फॅन मंद लावून पुन्हा करा. फ्लीस इथे कमी पडतं, कारण त्याची वीण मोकळी असते आणि वारा आरपार जातो. नाशिक-निफाडकडे पहाटे पारा दहाच्या खाली गेला की एकटं फ्लीस पुरत नाही ते बहुतांशी म्हणूनच. उपाय स्वस्त आहे: आत फ्लीस, वर सोलापुरी चादर. घट्ट विणीची चादर वारा अडवते, लव हवा धरून ठेवते. दोन पातळ फ्लीस एकावर एक घेण्यापेक्षा ही जोडी मला कधीही जास्त पटते.

टिकाऊपणासाठी सेलोटेपची पट्टी लवेवर दाबून झटक्यात उचला. दोन-चार तंतू आले तर चालेल; पट्टी पांढरी झाली तर लव गळणार. मग पांढरा सुती रुमाल बोटाला गुंडाळून चित्राच्या काळ्या भागावर, म्हणजे क्रीपरच्या डोळ्यांवर, दहा वेळा मागेपुढे घासा. ब्लँकेट ठेवायचं नक्की झालं की हेच ओल्या रुमालाने करा. रुमालावर रंग उतरला तर शाई धाग्यात शिरलेली नाही, वरच बसली आहे. असं ब्लँकेट इतर कपड्यांबरोबर धुऊ नका. शिवणीसाठी चारही कोपरे ओढून बघा. फ्लीस स्वेटरसारखं फासे घालून विणलेलं असल्याने कापलेल्या कडेतून सुटत नाही, पण ओव्हरलॉकचा (कडेवरच्या शिवणीचा) दोरा तुटला की किनार लाटांसारखी वळते.

आता धुण्याची पाळी, आणि इथे हे चित्र स्वतःच कामाला येतं. खेळात क्रीपरचा चेहरा आठ बाय आठ चौकोनांचा आहे, त्यामुळे ब्लँकेटवर मोजपट्टी आधीच छापलेली आहे. धुण्याआधी ब्लँकेट न ताणता पसरून चेहऱ्याची लांबी आणि रुंदी टेपने मोजा, वजनही लिहून ठेवा. तीस अंश, द्रव डिटर्जंट, सौम्य सायकल, कमी स्पिन. टॉवेल सोबत नको, त्याचे तंतू लवेत अडकतात. फॅब्रिक कंडिशनर अजिबात नको. त्याचा थर बसून लव चिकटते. वाळवा सावलीत, दोन दोऱ्यांवर आडवं टाकून, म्हणजे ओल्या वजनाने वीण ओढली जात नाही. इस्त्री नको, लव कायमची बसते.

असे पाच धुवे झाल्यावर पुन्हा मोजा. चाळीस सेंटिमीटरला एक सेंटिमीटर आटलं तर मान्य. चौकोन तिरके दिसू लागले तर वीण पिळली आहे आणि ती पुन्हा सरळ होत नाही. पहिल्या धुण्यात काही ग्रॅम घटणं स्वाभाविक आहे, कारण कारखान्यातले सुटे तंतू जातात. प्रत्येक धुण्याला वजन घटतच राहिलं तर लव गळते आहे आणि तिच्याबरोबर ऊबही. शेवटी बाटलीची तपासणी पुन्हा करा. पहिल्या दिवसाचा आणि आताचा आकडा हाच टिकाऊपणाचा माझ्या मते सगळ्यात खरा निकष.

काळे चौकोन राखाडी दिसले म्हणजे रंग गेलाच असं नाही. शाई लवेच्या वरच्या टोकाला असते, बुडाशी कापड पांढरंच राहतं. लव विस्कटली की ते पांढरं डोकावतं. मऊ कपड्यांच्या ब्रशने एकाच दिशेला विंचरलं की बराचसा काळेपणा परत येतो. कापडावर उठणाऱ्या गोळ्यांचं तसं नाही. पॉलिएस्टरचा तंतू चिवट असल्याने गोळा गळून पडत नाही, लोंबत राहतो; तो उपटू नका, लिंट रिमूव्हरने कापा. उपटलात तर विणीतला धागा बाहेर येतो.

एक गोष्ट मुलाला आजच सांगा: हे ब्लँकेट अंगावर घेऊन रूम हीटर, शेकोटी किंवा गॅसजवळ जायचं नाही. पॉलिएस्टर वितळतं आणि कातडीला चिकटतं.